झाकणाच्या आतली बाजू

गेल्या महिन्यात सांगलीतल्या एका मोठ्या दुकानात पांढरे हातमोजे घातलेल्या एका तरुण विक्रेत्यानं माझ्या मनगटावर घड्याळ बांधलं. मी फक्त हात पुढं केला होता. परदेशी घड्याळ, किल्लीचं, पांढरी तबकडी, काळा चामडी पट्टा. किंमत इथं लिहीत नाही. लिहायची लाज वाटते. एवढंच सांगतो, की तेवढ्यात कुपवाडच्या माझ्या कारखान्यावर नवे पत्रे पडले असते.

हौस लेकीची. ती पुण्याला नोकरी करते आणि महिन्यातून एकदा येऊन आम्हाला सुधारून जाते. "बाबा, मी जन्मल्यापासून तुमच्या मनगटावर काही बघितलं नाही. पन्नाशी उलटली. एक तरी चांगली वस्तू अंगावर असू दे की," असं तिचं वर्षभर चाललं होतं.

घड्याळ छान होतं. हाताला लागलं तेव्हाच मी घाबरलो, इतकं ते ओळखीचं वाटलं. मी ते उलटं केलं आणि विक्रेत्याला विचारलं, "याचं झाकण उघडून आत दाखवता का?"

तो हसला. "सर, झाकण सीलबंद असतं. उघडलं की वॉरंटी जाते."

"मग आत काय आहे ते बघितल्याशिवाय घ्यायचं कसं?"

"बाबा, काहीतरीच काय!" लेकीनं माझा दंड दाबला. त्या पोरानं मात्र चांगुलपणानं घड्याळ आठ दिवस बाजूला ठेवायचं कबूल केलं. "विचार करून सांगा सर, गडबड नाही."

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, ते वाक्य माझं नव्हतंच. आण्णांचं होतं. सव्वीस वर्षं ज्या माणसाचं नाव मी घरात काढलं नव्हतं, तो माझ्याच तोंडून दुकानात बोलून गेला होता.

आण्णा माझे घरमालक. सांगलीला गावभागातल्या एका बोळात खाली त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, मागं ते राहायचे आणि वर माझी खोली. बायको लवकर गेलेली, एकच लेक, ती साताऱ्याला दिलेली. बुटका माणूस, अंगात कायम पांढरा सदरा. उजव्या डोळ्यात भिंग धरून धरून त्या बाजूची भुवई कायमची वर गेली होती. त्यामुळं ते साधं 'जेवलास का' विचारायचे तरी समोरच्याला वाटायचं, याला आपला काहीतरी संशय आलाय.

दुकानात पन्नासेक घड्याळं, पण या माणसाला वेळ विचारायची सोय नव्हती. कुणी बाहेरून ओरडलं, "आण्णा, किती वाजलं?" की हे मान वर न करता विचारणार, "कुठं जायचंय?"

"यष्टी धरायचीय."

"मग हितं काय करतोस? पळ!"

आणि कुठं जायचं नसलेला रिकामटेकडा असला तर, "तुला काय करायचंय वाजल्यालं? बस, च्या घे."

दुरुस्तीला आलेल्या भिंतीवरच्या घड्याळांचे काटे ते बारावर नेऊन ठेवायचे. "आजारी मानसाला कामाला लावत न्हाई मी." दुरुस्त झालं की सकाळी आठला रेडिओवरच्या ठोक्याला लावायचं आणि सात दिवस चालवून मगच द्यायचं. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी सहाव्या दिवशी मिळायचं नाही. एकदा एका नवऱ्या मुलाचं घड्याळ लग्नाच्या दिवशी सकाळी मागायला त्याचा मामा आला. आण्णा म्हणाले, "आज पाचवा दिस हाय. लगीन फुडं ढकला." मामा शिव्या देत गेला. आण्णांनी स्वतःचं टेबलावरचं गजराचं घड्याळ पिशवीत घालून त्याच्या मागोमाग माणूस पाठवला, मुहूर्त चुकायला नको म्हणून.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच. घड्याळाचं झाकण काढलं की पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या डोळ्याला भिंग लावायचे. "आत बगा. नीट बगून घ्या, मग माझ्यावर सोडा." काम झालं की परत तेच. "आता बगा. त्येच हाय का न्हाई?"

मी एकदा म्हटलं, "आण्णा, लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"कळू दे न्हाईतर न कळू दे. लोकास्नी वाटतं, आमी आतलं मशीन बदलतो. बदलत्यातबी काय काय जण. मग बगून सोडल्यालं बरं."

कवठ्याकडची एक म्हातारी एकदा लेकाचं घड्याळ घेऊन आली होती. तिनं भिंगातून बघितलं आणि दचकून डोळा काढला. "आवं, ह्ये तर दम घेतंय की!" आण्णा त्या दिवशी येईल त्याला ही गोष्ट सांगत होते. "चाळीस वरसात एकीनंच बरुबर बगितलं," म्हणायचे.

आणि झाकण बसवण्याआधी ते एक करायचे. बारीक सुईनं झाकणाच्या आतल्या बाजूला ओरखडा काढून लिहायचे. तारीख, आणि काय केलं ते एकेका शब्दात. 'साफ'. 'तेल'. 'कमान'. खाली एक टिंब. ते टिंब म्हणजे त्यांची सही.

"हे कोण वाचणार आण्णा?"

"म्होरचा घड्याळवाला. डाक्टर आदीची चिठ्ठी बगतो का न्हाई? तसं." मग भुवई आणखी वर. "त्वांडानं गिऱ्हाइकाला काय बी सांगता येतंय रं. झाकणात खोटं लिवायचं न्हाई."

कुपवाडच्या कारखान्यांतल्या लोकांसाठी त्यांचा वेगळा रिवाज होता. कुणी तक्रार घेऊन आला, "आण्णा, घड्याळ लय फुडं पळतंय," की यांचा पहिला प्रश्न, "कामाला कुठं?" उत्तर कुपवाड आलं की झाकणसुद्धा काढायचे नाहीत. टेबलावर विजेवर चालणारा, लागलेलं चुंबक उतरवायचा एक काळा डबा होता. घड्याळ त्याच्यावर धरायचं, बटण दाबायचं, हळूहळू हात लांब न्यायचा. दहा सेकंदांचं काम. "न्हे. आनि ते चुंबकापशी घालून जाऊ नगंस." पैसे नाहीत. घड्याळात केसासारखी एक बारीक कमान असते, वेटोळी घातलेली. तिला चुंबक लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पिसाळल्यासारखं पळत सुटतं, हे मला त्यांनीच सांगितलेलं. तसं ते मला माहीतही होतं. मी कुपवाडच्या ज्या कारखान्यात सुपरवायझर होतो, तिथं चुंबकंच व्हायची. पिठाच्या गिरण्यांत धान्यातून आलेले खिळे ओढून घेतात, तसली. आमच्या गेटवर वॉचमनपाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. मालकापासून हमालापर्यंत प्रत्येकानं आत जाताना घड्याळ काढून त्यात टाकायचं, सुटताना घ्यायचं. तो नियम मोडायचं कुणाच्या मनातही यायचं नाही.

आता ते घड्याळ.

आण्णांच्या खणात, कापूस घातलेल्या एका डबीत, एक परदेशी घड्याळ होतं. पांढऱ्या तबकडीचं. कुंडलच्या एका फौजीचं. त्याच्या कर्नलसाहेबांनी खूश होऊन दिलेलं. काच बदलायला म्हणून तो ठेवून गेला आणि मग दर वर्षी त्याचं कार्ड यायचं, 'आण्णा, असू दे तुमच्यापाशीच. हिकडं बर्फात काय करायचं? पेन्शनीत निघालो की घालीन.' नऊ वर्षं आण्णा रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्याला किल्ली द्यायचे. वीस फेरे. "न चालवलं तर आत तेल गोठतंय. मानसाचं बी तसंच," असं म्हणून मला जिना उतरताना चिडवायचे, कारण मी उशिरा उठायचो. नऊ वर्षांत त्यांनी ते घड्याळ स्वतःच्या हातावर एकदाही घातलं नव्हतं.

मग एक दिवस कार्ड आलं, फौजी पुढच्या महिन्यात सुटून येतोय. आण्णांनी घड्याळ उघडलं. सगळं सुटं केलं, साफ केलं, सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन एकेका जागी सोडला. दिवसभर दुकान अर्धं बंद. संध्याकाळी मला खाली बोलावून भिंग दिलं. "बग. नव्या नवरीवानी दिसतंय." तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि मी त्यांचे हात बघत होतो. हातात सुई होती आणि सुईचं टोक भिंतीत ठोकल्यासारखं स्थिर होतं. हे मी बघितलं होतं. म्हणून मुद्दाम लिहितो.

त्याच आठवड्यात साताऱ्याला त्यांच्या नातवाचं बारसं निघालं. जाताना त्यांनी खणाची किल्ली माझ्या हातात दिली. "उद्या आठला तू दे किल्ली. वीस. एकवीस न्हाई."

आणि नेमके दुसऱ्याच दिवशी दुपारी मला बघायला पाहुणे येणार होते.

मुलगी साताऱ्याची. वडील मूळचे मेढ्याकडचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं की घरात बसून सगळीच पोरं चांगली दिसतात, आम्ही कामाच्या जागी बघणार. मी विट्याच्या पलीकडच्या कोरडवाहू गावातला, नोकरी खाजगी, खोली भाड्याची. अंगावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. सकाळी आठला मी वीस फेरे दिले, डबी बंद केली, परत उघडली. दुपारपर्यंतचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं.

गेटवर वॉचमननं डबा पुढं केला. "साहेब, घड्याळ?"

"आज घातलं नाही," मी म्हटलं. घड्याळ खिशात होतं. ऑफिसात गेल्यावर हातावर चढवलं. ऑफिस गेटला लागून होतं, चुंबकांपासून लांब.

हवालदारसाहेब आले, चहा झाला, त्यांचं लक्ष माझ्या मनगटाकडं गेलं. "आमच्या कर्नलसाहेबांच्या हातात असलं असायचं," ते म्हणाले. मी नुसता हसलो. ते हसू मला अजून आठवतं. मग ते उठले. "चला, कारखाना दाखवा की."

बाहेर येताच वॉचमननं त्यांच्यापुढं डबा धरला. कारण ऐकल्यावर त्यांनी लगेच आपलं घड्याळ काढून त्यात टाकलं. आता मीही टाकायचं होतं. पण दुसऱ्याची, नऊ वर्षं कापसात ठेवलेली वस्तू त्या गंजक्या डब्यात, पंचवीस घड्याळांच्या ढिगात कशी टाकायची? कुणी उचललं तर? मी पाठ वळवली, घड्याळ काढून रुमालात गुंडाळलं आणि पँटच्या डाव्या खिशात ठेवलं. रुमालानं चुंबक अडत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला तर त्याचाच पगार मिळत होता. पाहुण्यांना मी चुंबक भारायच्या यंत्रापाशी नेलं, मूठभर खिळे उडून कसे चिकटतात ते दाखवलं. ते खूश झाले. मी यंत्राला टेकून उभा होतो.

संध्याकाळी खोलीवर आलो तर घड्याळ पंधरा मिनिटं पुढं. मी काटे मागं घेतले आणि डबी खणात ठेवून दिली. काळा डबा तिथंच टेबलावर होता. दहा सेकंदांचं काम होतं. तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही, की मी येऊ दिलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आण्णा परतले. आठचे ठोके पडले. मी जिन्यात होतो.

"वीसच दिलीस न्हवं?"

"वीसच."

"पडलं-बिडलं न्हाई?"

"नाही आण्णा." पडलं नव्हतंच. मी खोटं बोललो नाही, यावर मी पुढं बरीच वर्षं काढली.

"पाऊण तास फुडं हाय," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलंच नाही. आपल्या हाताकडं बघितलं.

त्या कमानीची वेटोळी चिकटायला दोन कारणं असतात. एक चुंबक, दुसरं तेल. तेल देताना हात हलला, थेंब कमानीवर सांडला, की वेटोळी तशीच चिकटतात. घड्याळ नऊ वर्षं खणाबाहेर गेलेलं नाही. म्हणजे तेलच. म्हणजे हात. आण्णांचा हिशेब सरळ होता आणि त्यात फक्त मी धरलेला नव्हतो.

त्यांनी घड्याळ परत उघडलं. कमान धुतली, वाळवली, बसवली. तेच. परत. तेच. दुकानात गिऱ्हाइकं यायची, "आवं आण्णा, आमचं कवा हुनार?" आणि ते दाराकडच्या उजेडात वाकलेले. चौथ्या-पाचव्या दिवशी मला हाक मारली. "तुझं डोळं तरणं हायत. बग, तेल दिसतंय का."

मी भिंगातून बघितलं. वेटोळी एकमेकांना घट्ट धरून होती. चिकटलेले खिळे मी रोज बघत होतो. मला सगळं कळलं. तरी मी एवढंच म्हटलं, "आण्णा, एकदा त्या काळ्या डब्यावर धरून बघायचं का?"

ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "का? ह्ये काय कुपवाडला जाऊन आलंय व्हय?"

मीही हसलो.

त्या जागी 'व्हय' म्हणायचं होतं. एवढाच शब्द. तो न बोलण्याचं कारण मला तेव्हा फार मोठं वाटत होतं. पाहुणे रविवारी घरमालकाकडं चौकशीला येणार होते. मुलगा कसा आहे, हे मालकाला विचारायची त्यांच्याकडं पद्धत. चोरून दुसऱ्याचं घड्याळ घालणारा पोरगा, हे आण्णांच्या तोंडून निघालं असतं तर संपलंच. रविवार होऊ दे, मग सांगू.

रविवारी हवालदारसाहेब आले. मी वर खोलीत, कान जिन्यात.

"पोरगं कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या खणाची किल्ली त्येच्यापशी असती," आण्णा म्हणाले. "आनि काय सांगू?"

मग साखरपुडा होऊ दे, मग सांगू. मग फौजी आला आणि सांगायची वेळच निघून गेली.

उंच, मिशाळ माणूस, येताना कुंडलहून काकवीची बरणी घेऊन आलेला. आण्णांनी त्याला बसवलं आणि सरळ सांगितलं, "घड्याळ माझ्या हातनं बिगडलं. तेल सांडलं. निघंना झालंय."

"आवं आण्णा, नऊ वरसं सांबाळलासा, लय झालं! चालतंय की. आता घाई कुनाला हाय?" तो मोठ्यानं हसत होता. त्यानं हसण्यावारी नेलं, आण्णांना ते नेता आलं नाही. त्यांनी त्याच्या डोळ्याला भिंग लावलं, आत दाखवलं, मग सुई घेऊन झाकणात लिहिलं. नेहमी एक-दोन शब्द असायचे. त्या दिवशी बराच वेळ लिहीत होते. मी दारात उभा होतो. काय लिहिलं ते विचारलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी सगळी हत्यारं घासून पुसून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी ती उचललीच नाहीत. बोळात लोकांनी विचारलं तर म्हणायचे, "हात ऱ्हायला न्हाई." ते इतक्या साधेपणानं म्हणायचे, की लोकांना पटायचं. दिवाळीआधी दुकान रिकामं करून ते साताऱ्याला लेकीकडं गेले. जाताना मला म्हणाले, "लग्नाला बोलीव." मी पत्रिका पाठवली, ती पत्त्यात चूक करून. मुद्दाम केली का? बहुतेक.

साताऱ्याला माझी सासरवाडी. वर्षातून चार वेळा जाणं व्हायचं. एकदा राजवाड्यासमोर ते मला दिसले. कठड्यावर बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारत होते. "किती वाजलं हो?" ज्यानं आयुष्यात कुणाला धड वेळ सांगितली नाही, तो. मी बायकोला म्हटलं, पलीकडून जाऊ, इकडं गर्दी आहे. मनगटावर घड्याळ मी लग्नानंतर कधी बांधलं नाही. लोकांना सांगायचो, चुंबकाचा धंदा, घड्याळ टिकत नाही. पुढं तो कारखाना मीच घेतला. बिस्किटांचा डबा अजून गेटवर आहे.

दुकानातून आल्यावर तीन दिवस मी गप्प होतो. बायकोला वाटलं, किमतीनं दडपलोय. "नको असेल तर नको म्हणा की पोरीला." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटी म्हटलं, "तुझ्या वडिलांनी ते घड्याळ बघून होकार दिला."

ती भाजी निवडत होती. थांबली. "घड्याळ बघून? बाबा तर घरी आल्यावर म्हणाले होते, पोरगं बरं हाय, पण हातात घड्याळ पेलंना असलं घालतंय, जरा विचार करू. मग मालकाला भेटून आले, तेव्हा हो म्हणाले. किल्लीचं काहीतरी सांगितलं होतं मालकानं. ते आम्हाला दहांदा ऐकवायचे."

ती परत भाजी निवडायला लागली. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "जाऊन या," म्हणाली.

शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर आण्णांच्या लेकीचं घर. आण्णा चौऱ्याऐंशीचे. गॅलरीत खुर्चीवर, अंगात पांढरा सदरा, भुवई अजून वर.

"कोन? वरच्या खोलीतला?"

"हो, आण्णा."

"लय दिवसांनी."

मी इतका भेकड, की सुरुवात घड्याळाच्या खरेदीपासून केली. असं असं घड्याळ आहे, लेक मागं लागली आहे, घेऊ का विचारायला आलो.

"किल्लीचं?"

"हो."

"आत बगितलंस?"

"दाखवत नाहीत."

"मग काय बगून घेतोस?" एवढं म्हणून ते रस्त्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. खाली मान घालून सांगितलं. बारशाचा दिवस, पाहुणे, डबा, रुमाल, यंत्र. काळ्या डब्याचं बोलताना हसलो होतो तेही.

त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला. "कुठल्या खिशात?"

"डाव्या."

"आनि यंत्र कुठल्या अंगाला?"

"डाव्याच."

त्यांची लेक चहा घेऊन आली तशी तिला म्हणाले, "ऐकलंस का गं? तेल सांडलं न्हवतं."

तिला कळलं असावं. 'तेल सांडलं' हे वाक्य त्या घरात किती वेळा, कुठल्या सुरात बोललं गेलं होतं, देव जाणे. तिनं कप माझ्यासमोर ठेवला, पण 'घ्या' म्हणाली नाही. आत निघून गेली.

आण्णांनी दोन्ही हात पुढं करून धरले. बोटं थरथरत होती. "आता कापत्यात," ते म्हणाले. "तवा न्हवती कापत."

"नव्हती, आण्णा. मी बघितली होती."

"मग तवा का न्हाई बोललास?"

साखरपुडा, रविवार, पाहुणे, हे त्या गॅलरीत तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. मी माफी मागितली. तिचं त्यांनी काही केलं नाही. घेतली नाही, परतही केली नाही. चहा निवत गेला.

मग ते उठले, भिंतीला धरत आत गेले आणि एक डबी घेऊन आले. कापूस तोच असेल की काय. आत लिहायची ती सुई होती. "मी झाकणात लिवलंय, 'तेल सांडलं, माझा हात.' आनि खाली टिंब दिलंय. ते खोटं ठरलं की रं. झाकणात खोटं लिवू नये." सुई माझ्या हातावर ठेवली. "लिवल्यालं खोडता येत न्हाई. खाली लिवता येतंय. तुझं तू लिव."

निघताना मी विचारलं, "आणि ते नवीन घड्याळ?"

"गेटवरच्या डब्यात टाकायची छाती असली तर घे," ते म्हणाले. "सगळ्यांच्या घड्याळांत."

खाली येऊन गाडीत बसलो आणि मनातल्या मनात ते घड्याळ डब्यात टाकून बघितलं. हात सुटेना. सांगलीच्या दुकानात फोन केला आणि सांगितलं, दुसऱ्या कुणाला द्या. लेक दोन दिवस रुसली. तिला कारण सांगितलं नव्हतं. आता हे वाचून कळेल.

कुंडलचे ते फौजी वारले. घड्याळ त्यांचा मुलगा वापरतो. फोनवर म्हणाला, "चालतंय की, एकदम टायमाला. लय वरसांमागं पुन्यात दावलं हुतं. त्या मानसानं कशावर तरी नुसतं धरलं आनि दिलं." झाकण उघडायला त्यानं हो म्हटलंय, कशासाठी ते समोर आल्यावर सांगतो म्हटलं. येत्या रविवारी तो सांगलीला येतोय. इथं एक म्हातारा घड्याळवाला अजून बसतो, त्याला विचारून ठेवलंय. सुई माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात आहे. माझं नाव, 'चुंबक', आणि 'हात चांगला होता', एवढं लिहायचं आहे. आण्णांनी तेव्हा बराच वेळ लिहिलं होतं. खाली जागा किती उरली आहे, ते उघडल्यावरच दिसेल.